खुर्चीत बसण्याआधीचे पंधरा दिवस

"मेंदी कधी लावली होतीस?" पार्लरवाल्या ताईंनी माझ्या भाचीच्या केसांतून बोटं फिरवत विचारलं. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. भाचीचे केस दाट आणि कुरळे, आणि तिला ते लग्नाआधी सरळ करून हवे होते. "मी मेंदी लावतच नाही," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या तिच्या आईला तेवढ्यात आठवलं, "अगं, गेल्याच्या गेल्या दिवाळीत लावली होतीस की! आजीच्या पाकिटातली काळी मेंदी." ताईंनी पुढचा प्रश्न विचारला, "आणि याआधी कधी स्मूदनिंग?" "कॉलेजात असताना एकदा. पण त्याला दोन वर्षं होऊन गेली."

ताईंनी मानेजवळची, आतल्या बाजूची पंधरा-वीस केसांची बट कापली, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला, प्लास्टिकच्या वाटीत ठेवून तिला क्रीम लावलं आणि घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटांनी बट धुतली आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणली. मुळाकडचा भाग ताणला गेला आणि सोडल्यावर परत आला. टोकाकडचा चार-पाच बोटांचा भाग मात्र भिजलेल्या शेवईसारखा लांबत गेला आणि तुटून ताईंच्या बोटांत राहिला. "बघा काकू, हे डोक्यावर झालं असतं," त्या भाचीच्या आईला म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी काम घेतलं नाही.

केस रसायनाने सरळ करण्याविषयी जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं नंतरच्या निगेबद्दल असतं. तीन दिवस पाणी लावू नका, केस बांधू नका, अमुक शाम्पू वापरा. हे गरजेचं आहेच. पण केस टिकणार की तुटणार, डोकं सुखरूप राहणार की भाजणार, याचा निकाल बहुतेक वेळा क्रीमची ट्यूब उघडण्याआधीच लागलेला असतो. तो आपल्या बाजूने लागावा म्हणून आधी काय करायचं आणि ते का करायचं, याविषयी हा लेख आहे.

केसाला विसर पडत नाही

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. जिवंत असतो तो त्वचेखालचा त्याचा कंद. त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो. बोटाला कापलं तर जखम भरून येते, केसाला झालेली इजा भरून येत नाही. तेलाने, कंडिशनरने ती झाकता येते, एवढंच. म्हणजे केसावर जे जे झालं ते सगळं, तो कापला जाईपर्यंत, त्याच्या अंगावर राहतं. केस चाळीस सेंटिमीटर लांब असेल तर त्याचं टोक जवळजवळ तीन वर्षांचं असतं. त्याने तीन उन्हाळे, तीन दिवाळ्या, बोअरच्या पाण्याच्या शेकडो आंघोळी आणि लग्नसराईतल्या प्रेसिंग मशीनचे चटके सोसलेले असतात. मुळाजवळचा केस गेल्या महिन्यात जन्मलेला. एकाच केसाची ही दोन टोकं वेगवेगळ्या ताकदीची असतात आणि क्रीम दोघांनाही सारखंच लागतं.

गंधकाचे पूल

समईच्या ज्योतीवर चुकून केस धरला गेला तर एक उग्र वास येतो. केसातल्या गंधकाचा त्यात मोठा वाटा असतो. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या वजनाचा सुमारे पाच टक्के भाग गंधक असतो. केरॅटिनच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या असतात. सरळ केस सरळ का राहतो आणि कुरळा पुन्हा पुन्हा कुरळा का होतो, याचं उत्तर केसाच्या घडणीत आणि या पुलांच्या जागांत आहे.

पुलांशिवाय आणखी काही हलके बंध असतात, ते पाण्याने सुटतात. म्हणून न्हाल्यावर कुरळे केस लांब दिसतात आणि वाळले की पुन्हा आखडतात. इस्त्रीने सरळ केलेले केस पहिल्या पावसात कुरळे होतात तेही त्यामुळेच. कायमचा बदल हवा असेल तर गंधकाच्या पुलांपर्यंत पोचावं लागतं. केसाच्या अंगावर सहा ते दहा थरांची खवल्यांची चिलखतासारखी साल असते. रसायन आधी ती खवली फुगवून उघडतं, मग आत शिरतं. खवली आधीच झिजलेली असतील तर रसायनाला अडवायला कोणी उरत नाही. ते ठरल्यापेक्षा लवकर आत जातं आणि ठरल्यापेक्षा जास्त तोडतं.

पूल तोडण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि त्यांतला फरक कळला की पुढची तयारी आपोआप कळते.

पहिला मार्ग थायोग्लायकोलेटचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड गोडार्ड आणि लिओनोर मायकेलिस यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की अल्कधर्मी द्रावणात थायोग्लायकोलिक आम्ल केरॅटिनमधले गंधकाचे पूल सोडवतं. केस कुरळे करणारं पर्मिंग आणि आपल्याकडच्या पार्लरमधलं रिबॉन्डिंग, दोन्ही याच शोधावर उभी आहेत. रिबॉन्डिंगची पद्धत १९९०च्या दशकात जपानमध्ये रूढ झाली आणि तिथून आशियाभर पसरली. तिच्यात आधी पूल सुटतात, मग केस धुऊन, वाळवून, तापलेल्या पट्ट्यांमध्ये ताणून सरळ करतात आणि शेवटी न्यूट्रलायझर लावून, म्हणजे बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइडने, पूल नव्या जागी पुन्हा बांधतात. या क्रीमचा पीएच नऊच्या आसपास असतो.

दुसरा मार्ग हायड्रॉक्साइडचा. केस सरळ करणाऱ्या ज्या क्रीमला रिलॅक्सर म्हणतात, ते खरं तर हेच. त्याचा पीएच बारा ते चौदा. डोक्याच्या त्वचेचा पीएच साडेपाचच्या जवळ असतो आणि पीएचची प्रत्येक पायरी दहापटीची असते, हे लक्षात घेतलं की या क्रीमची ताकद समजते. इथे पुलातला गंधकाचा एक अणू कायमचा निघून जातो आणि लँथिओनिन नावाची नवी, आखूड जोडणी तयार होते. ती परत उलटवता येत नाही. हे संयुग पहिल्यांदा सापडलं ते १९४१ मध्ये, धुण्याच्या सोड्याची प्रक्रिया केलेल्या मेंढीच्या लोकरीत. लोकरही केरॅटिनचीच. लोकरीचा स्वेटर सोड्याच्या पाण्यात उकळला की त्याचं काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला रिलॅक्सरशी सावधपणे वागा असं वेगळं सांगावं लागत नाही.

शिवणयंत्राच्या सुईपासून

रिलॅक्सरची कथाही लोकरीपासूनच सुरू होते. केंटकीत १८७७ साली जन्मलेला गॅरेट मॉर्गन हा कृष्णवर्णीय संशोधक क्लीव्हलंडमध्ये शिवणयंत्रांची दुरुस्ती करायचा. वेगाने चालणाऱ्या सुईमुळे लोकरीचं कापड करपू नये म्हणून तो एक द्रव तयार करत होता. हाताला लागलेला द्रव त्याने लोकरीच्या कापडाला पुसला आणि कापडाची लव सरळ झालेली त्याला दिसली. त्याने आधी शेजाऱ्याच्या कुरळ्या केसांच्या कुत्र्यावर आणि मग स्वतःवर प्रयोग केला, आणि १९१३ मध्ये केसांसाठीच्या उत्पादनांची कंपनी काढली. धुरात श्वास घेता यावा म्हणून वापरायचं शिरस्त्राण आणि तीन स्थितींचा वाहतूक-दर्शक, यांची पेटंटंही याच माणसाच्या नावावर आहेत.

त्याच्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेतले कृष्णवर्णीय पुरुष कॉस्टिक सोडा, बटाटा आणि अंडी एकत्र करून घरीच मिश्रण तयार करायचे आणि डोक्याला थापायचे. कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्सने आपल्या आत्मचरित्रात हा प्रकार वर्णिला आहे, डोकं पेटल्यासारखी आग होते तिथपासून त्यामागच्या अपमानापर्यंत. जॉर्ज जॉन्सन यांनी १९५४ मध्ये शिकागोत सुरू केलेल्या कंपनीने रिलॅक्सर कारखान्यात बनवायला घेतला. पुढे १९७१ मध्ये ती अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी ठरली.

हा इतिहास नुसता रसायनाचा नाही. केस जसे उगवतात तसे घेऊन गेलं तर नोकरी मिळत नाही, शाळेतून घरी पाठवतात, हा अनुभव लाखो कृष्णवर्णीय स्त्रियांनी घेतला. त्याविरुद्ध कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा केला. केसांच्या पोतावरून वा केशरचनेवरून कामावर आणि शाळेत भेदभाव करायला त्याने बंदी घातली. त्या बायकांनी आणि त्यांच्या केशरचनाकारांनी भाजून, पोळून, पिढ्यान् पिढ्या जे शिकून घेतलं, तेच आज सुरक्षित तयारीचे नियम म्हणून सांगितलं जातं.

दोन रसायनं, दोन तयाऱ्या

पहिला नियम असा की नक्की काय लावलं जाणार आहे ते विचारायचं. "स्ट्रेटनिंग", "स्मूदनिंग", "केरॅटिन", "हेअर बोटॉक्स" ही पार्लरच्या दरपत्रकावरची नावं आहेत, रसायनांची नव्हेत. डबा मागून घ्या आणि मागची यादी वाचा. अमोनियम थायोग्लायकोलेट दिसलं तर पहिला मार्ग. सोडियम, पोटॅशियम वा लिथियम हायड्रॉक्साइड दिसलं तर दुसरा. "नो-लाय" लिहिलेल्या डब्यात बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट वेगवेगळे असतात, आणि ते मिसळल्यावर ग्वानिडिन हायड्रॉक्साइड तयार होतं. त्यात "लाय", म्हणजे कॉस्टिक सोडा वा सोडियम हायड्रॉक्साइड, नाही म्हणून ते सौम्य, असं समजू नका. तेही हायड्रॉक्साइडच.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे ही दोन कुळं एकाच केसावर कधीही येऊ द्यायची नाहीत. थायोने सरळ केलेल्या केसाला हायड्रॉक्साइड लावलं, किंवा त्याच्या उलट केलं, तर केस तुटून हातात येतो. मध्ये किती महिने गेले याला इथे अर्थ नाही. तो केस कापला जाऊन नवा येईपर्यंत हा नियम लागू राहतो. परदेशात शिकायला वा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावं. इथे रिबॉन्डिंग करून गेलेली मुलगी तिथल्या दुकानातून रिलॅक्सरचा डबा आणते तेव्हा तो बहुधा हायड्रॉक्साइडचा असतो, आणि आफ्रिकी वंशाच्या घट्ट कुरळ्या केसांचा विचार करून बनवलेला असतो. तिच्या केसांवर तो दोन्ही अंगांनी घातक ठरू शकतो.

पंधरा दिवसांचं वेळापत्रक

दोन आठवडे आधी केसांची जबानी लिहून काढा. गेल्या तीन वर्षांत कधी मेंदी, कधी कलर, कधी ब्लीच वा हायलाइट, कधी स्मूदनिंग, असं आठवेल तेवढं महिन्यांसकट लिहायचं. मेंदीबद्दल विशेष जपा. शुद्ध मेंदीतलं रंगद्रव्य केरॅटिनला घट्ट चिकटतं आणि रसायन आत जायला अडथळा करतं, त्यामुळे केस कुठे सरळ होतो, कुठे नाही. काळ्या मेंदीचा प्रश्न वेगळा आहे. पाकिटावर पानाफुलांची चित्रं असली तरी आत रासायनिक रंग असतो आणि काही मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात. अशा क्षारांवर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो, रंग बदलतो आणि ठिसूळ होतो. पाकीट फेकलं नसेल तर सोबत घेऊन जा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. लपवलं तर मात्र ते आपल्याच डोक्यावर उमटतं.

याच वेळी घरच्या घरी एक परीक्षा करा. न्हाल्यावर ओला असलेला एक गळलेला केस दोन्ही टोकांना धरून सावकाश ताणा. निरोगी ओला केस आपल्या लांबीच्या जवळजवळ निम्म्याने लांबतो आणि सोडला की परत येतो. ताणताच तुटला किंवा लांबून तसाच राहिला, तर तो केस रसायनाला तयार नाही. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा, फाटे फुटलेली टोकं कापून घ्या. टोकं वाचवण्याच्या मोहात तुटणारा भाग रसायनात बुडवण्यापेक्षा चार बोटं केस कमी झालेले बरे.

या पंधरवड्यात केसांना तेल द्या. खोबरेल तेलावरचा आपला विश्वास निराधार नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना केली होती. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी केलं, असं त्यात आढळलं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते हे खरं, पण कारण रसायनशास्त्राला धरून आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतं. मात्र तेल हलक्या हाताने लावायचं आणि शेवटचं तेल चार-पाच दिवस आधी. डोक्यावर तेलाचा जाड थर घेऊन रिबॉन्डिंगला गेलात तर क्रीम सारखं बसणार नाही.

एक आठवडा आधीपासून इस्त्री, कर्लर, कलर, ब्लीच सगळं बंद. घट्ट वेण्या, पोनीटेल, डोक्यात रुतणाऱ्या पिना बंद. वेण्या सोडताना आणि घट्ट केस ओढताना मुळांशी बारीक जखमा होतात, त्या भरायला वेळ हवा. घरी बोअरचं वा टँकरचं जड पाणी येत असेल तर केसांवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर साचलेला असतो. तो काढणारा शाम्पू याच आठवड्यात एकदा वापरून घ्या, अगदी आदल्या दिवशी नको.

दोन दिवस आधी त्वचेची चाचणी. जे लावायचं तेच क्रीम, कंपनीच्या सूचनेप्रमाणे, कानामागे वा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून, ठरलेल्या वेळाने धुऊन टाकायचं आणि ४८ तास पाहायचं. खाज, लाली, पुरळ, सूज यातलं काहीही दिसलं तर बेत रद्द. याच सुमाराला बटेची चाचणीही घ्यायची, भाचीची घेतली तशी. मानेजवळची बट त्यासाठी चांगली, कारण कापलेली दिसत नाही. पण भाचीच्या बाबतीत दिसलं तसं, बट मुळापासून टोकापर्यंत पूर्ण लांबीची हवी. नुसत्या मुळाकडच्या तुकड्यावर चाचणी घेतली असती तर ती पास झाली असती.

शेवटच्या दोन-तीन दिवसांची तयारी मात्र रसायनाप्रमाणे बदलते, आणि नेमकी इथेच गल्लत होते. हायड्रॉक्साइड रिलॅक्सरच्या आधी दोन-तीन दिवस डोकं धुवायचंच नाही. त्वचेतून स्रवणारं नैसर्गिक तेल हेच तिथे संरक्षण असतं. रिबॉन्डिंगच्या आधी उलट, केस त्याच दिवशी साध्या शाम्पूने, कंडिशनर न लावता, पार्लरमध्येच धुतात, पण बोटांच्या पेरांनी, नखं न लावता. दोन्हींत सारखी असलेली एक गोष्ट म्हणजे डोकं खाजवायचं नाही. नखाचा ओरखडा डोळ्यांना दिसत नाही, पण क्रीमला वाट सापडते. कोंड्याची सवय असलेल्यांना हे अवघड जातं. अशांनी आधी कोंड्यावर उपचार करावेत आणि मगच तारीख ठरवावी.

त्या दिवशी

घामेजून, व्यायाम करून, उन्हातून धावत जाऊ नका. कानातले, गळ्यातले काढून ठेवा. हायड्रॉक्साइड असेल तर कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर आणि डोक्याच्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा असतो. आधी सरळ केलेला भाग असेल तर त्यावरही क्रीम येऊ नये म्हणून कंडिशनरचं आवरण देतात, कारण क्रीम फक्त नव्या वाढीला लावायचं असतं. वाटी प्लास्टिकची वा काचेची हवी. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमचं भांडं खातो, हे घरी साबण करणाऱ्यांना ठाऊक आहे.

"थोडं चुरचुरलं तरी सहन करा, जास्त सरळ होतील," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. चुरचुरणं म्हणजे त्वचा भाजायला लागल्याची खूण. लगेच सांगा आणि लगेच धुवायला लावा, भरपूर साध्या पाण्याने. लिंबू किंवा व्हिनेगर लावून क्रीम मारायला जाऊ नका, जखम वाढते. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार धरून थेट डॉक्टर गाठा. हायड्रॉक्साइडनंतरच्या काही शाम्पूंमध्ये एक सोय असते. केसात अल्क उरलं असेल तर फेस गुलाबी होतो आणि पुरतं निघून गेलं की पांढरा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो, त्याच जातीची ही रंगाची खूण. फेस पांढरा होईपर्यंत धुण्याचा आग्रह धरा.

कोणी थांबावं

डोक्यावर जखम, फोड, नायटा, सोरायसिस, चाई यांपैकी काही असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ. उवांचं औषध नुकतंच लावलं असेल तरी थांबा. डेंग्यू, टायफॉइड यांसारख्या मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. ते गळणं बहुधा आपोआप थांबतं, पण त्या काळात रसायन नको. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना पुढे ढकललेलं उत्तम. ब्लीच केलेल्या केसांवर तर नाहीच. आणि लहान मुलींच्या डोक्याला हात लावू नका. त्यांची त्वचा कोवळी असते, आणि आपले केस वाईट आहेत ही समजूत त्याहून खोल जाते.

वाफ आणि मूत्रपिंड

तयारीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे नको म्हणण्याची माहिती. "केरॅटिन" नावाने होणाऱ्या अनेक उपचारांत पूल तुटत नाहीत. फॉर्मल्डिहाइड किंवा ते सोडणारं द्रव्य केसावर लावून इस्त्रीच्या उष्णतेने पक्कं करतात. डोळे चुरचुरवणारी वाफ येते ती त्याचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. अमेरिकेत ओरेगॉनच्या कामगार-सुरक्षा विभागाने २०१० मध्ये तपासणी केली तेव्हा लेबलवर "फॉर्मल्डिहाइडमुक्त" लिहिलेल्या बाटलीतही ते भरपूर सापडलं. आपण वर्षातून एकदा खुर्चीत बसतो. पार्लरमधली मुलगी त्या वाफेत रोज उभी असते. खिडकी उघडी आहे का, पंखा वाफ बाहेर ओढतोय का, हे आपल्याइतकंच तिच्यासाठीही पाहायला हवं.

फॉर्मल्डिहाइडऐवजी आता ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरलं जातं. ते त्वचेतून शरीरात शिरू शकतं आणि तिथे त्याचं ऑक्सलेट होतं. ऑक्सलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. केस सरळ केल्यावर एक-दोन दिवसांत उलट्या, पोटात वा पाठीत दुखणं, ताप, लघवी कमी होणं यातलं काही झालं तर डॉक्टरांना आपण केसांना काय लावलं ते सांगा. हा संबंध त्यांच्या सहज लक्षात येत नाही.

दीर्घकाळाचा प्रश्नही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण-आरोग्य संस्थेने ३३,४९७ स्त्रियांची सुमारे अकरा वर्षं पाहणी केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांपैकी १.६४ टक्के जणींना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होईल असा अंदाज निघाला. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत तो ४.०५ टक्के होता. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि धोका एकंदरीत लहान आहे. पण वर्षात किती वेळा, हा आकडा आपल्या हातात आहे आणि तो लहान ठेवता येतो.

एक पट्टी आणि एक केस

भाचीचं लग्न तिच्या कुरळ्या केसांतच झालं. टोकाचा तो चार-पाच बोटांचा भाग तिने कापून घेतला. पुढे वर्षभराने, काळ्या मेंदीचा सगळा भाग निघून गेल्यावर, ती त्याच ताईंकडे परत गेली. पुन्हा बट कापली गेली, वाटीत ठेवली गेली, धुऊन ताणली गेली. या वेळी ती टोकापर्यंत परत आली, आणि मगच ताईंनी बाकीच्या केसांना हात घातला.

तुम्हीही तारीख घेण्याआधी एवढं करा. कंगव्यात आलेला एक लांब केस घ्या, पांढऱ्या कागदावर पट्टीच्या कडेने सरळ चिकटवा. मूळ कुठलं ते बारीकशा पांढऱ्या गाठीवरून ओळखू येतं. मुळापासून प्रत्येक सेंटिमीटरला एक महिना मोजत जा आणि पेन्सिलीने खुणा करा: इथे गेली दिवाळी, इथे बहिणीच्या लग्नातलं कलर, इथे तो ताप, इथे स्मूदनिंग. हा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवा आणि खुर्चीत बसण्याआधी ताईंच्या हातात द्या.